साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोरवणकर साहेब

बोरवणकर साहेब १९९६ च्या मे महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या आमच्या जुन्या कोर्टाने ठेवलेल्या निरोप समारंभाच्या पत्रिकेत छापायला त्यांचा परिचय लिहून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. सोबत चिठ्ठी होती: कारकीर्द, मूल्यं, छंद, अर्ध्या पानात बसवावं. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तानूबाई प्रकरण नको.' तेरा वर्षं मी कोर्टात स्टेनो म्हणून दुसऱ्यांनी सांगितलेलं मुकाट्याने टाइप केलं, पण त्या पेन्सिलीच्या ओळीने माझं डोकंच फिरलं. अर्ध्या पानाचा परिचय मी लिहून दिला. तो छापला गेला आणि समारंभात त्यावर लोकांनी वेफर्स ठेवून खाल्ले. हा दुसरा परिचय आहे आणि तो मी माझ्या मर्जीने लिहिते आहे.

आधी कारकीर्द. सदाशिव बोरवणकर कराडकडचे. वडील कोर्टात बेलिफ होते, म्हणजे निकाल लागला की हुकमाचा कागद घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. सुट्टीच्या दिवसांत साहेब वडिलांच्या सायकलवर पुढे दांडीवर बसून जात. एका बाईची भांडी घरातून काढून अंगणात मांडली जात होती आणि ती बाई शांतपणे एकेक मोजत होती, हे त्यांनी सातव्या वर्षी पाहिलं होतं. ते मला म्हणायचे, निकाल आपल्या सहीने संपतो असं न्यायाधीशाला वाटतं, पण तो कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन संपतो. पुढे पुण्यात एका वकिलाच्या दप्तरात काम करत कायद्याचं शिक्षण, दहा वर्षं वकिली, मग न्यायाधीशाची परीक्षा, मग पाच-सहा तालुके. १९८४ साली ते महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, इथे सिल्वासाला आले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. बायको साताऱ्याला शाळेत शिकवायची. ती मे महिन्यात यायची आणि साहेबांचं स्वयंपाकघर पाहून कपाळाला हात लावायची.

मी नाशिकची. नवरा प्रमोद आमलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून मी इथे आले आणि कोर्टात नोकरीला लागले. गाव तेव्हा नुसतं कारखान्यांच्या पत्र्यांनी भरत चाललं होतं. आमच्या कॉलनीत सगळे नाशिक-पुण्याचे. आम्ही आपसात हळदीकुंकू करायचो, मुंबईहून मासिकं मागवायचो आणि सात-आठ किलोमीटरवरच्या पाड्यांत कोण राहतं, कसं राहतं, याचा आम्हाला पत्ता नव्हता. हे मी आज लाज वाटते म्हणून लिहिते आहे.

मूल्यं म्हणाल, तर साहेबांची तीन-चारच होती, पण ती त्यांनी कधी सोडली नाहीत. आपली बॅग स्वतः उचलायची. कोर्टाच्या शिपायाला घरचं काम सांगायचं नाही. पक्षकाराशी कोर्टाबाहेर बोलायचं नाही, समोरून आला तरी नमस्कार करून रस्ता बदलायचा. आणि पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाला 'तुम्ही' म्हणायचं. हे शेवटचं इथल्या वकिलांना फार जड गेलं, कारण वारली साक्षीदाराला 'ए, बोल' म्हणायची त्यांना सवय होती. गंमत अशी की वारली माणूस स्वतः सगळ्यांना 'तू'च म्हणतो, न्यायाधीशालाही. आधीच्या एका साहेबांचा त्यावरून पारा चढायचा. बोरवणकर साहेब मात्र खूश असायचे. म्हणायचे, इतक्या वर्षांत मला 'तू' म्हणणारं आता कोणी उरलेलंच नाही.

आता छंद. एक, रेल्वेचं वेळापत्रक वाचणं. कुठे जायचं नसताना साहेब कोणती गाडी कुठे बदलली तर किती तास वाचतात हे शोधून काढायचे आणि मला सांगायचे, आणि मी 'हो का' म्हणायचे. दोन, मासे धरणं. दर रविवारी ते सायकल काढून, नाहीतर एसटी पकडून दुधनीला जायचे, मधुबन धरणाच्या पाण्यावर. गळ टाकून दिवसभर बसायचे. मासा मिळाल्याचं मी चार वर्षांत तीनदा ऐकलं. त्यांच्या बरोबर आमचा शिपाई वाळू असायचा. तो दुधनीकडचाच वारली, पाण्यात हात घातला तरी मासा धरणारा. साहेबांनी त्याला बजावून सांगितलं होतं की ही नोकरी नाही, यायचं तर दोस्त म्हणून या. त्यामुळे रविवारी वाळू साहेब असायचा आणि साहेब शिपाई. तो त्यांच्या गळाची गाठ पाहून हसायचा.

प्रकरण आलं ते १९८७ साली. लखमा भोया नावाच्या माणसाचं जुनं गाव धरणात गेलं होतं आणि त्याबदली त्याला सुरंगीच्या अलीकडे नव्या वस्तीवर जमिनीचा तुकडा मिळाला होता. तिथे त्याने कुडाचं घर बांधलं, नागली लावली. लखमा साप चावून मेला. मागे राहिली तानूबाई आणि आठ वर्षांची मुलगी गुड्डी. वर्षाच्या आत लखमाच्या धाकट्या भावाने, जान्याने दावा लावला: ही बाई माझ्या भावाची बायकोच नाही, यांचं लग्न कधी झालंच नाही, तेव्हा जमीन आणि घर माझं, हिला बाहेर काढा.

तानूबाईचा वकील बाहेरगावचा, घाईचा माणूस. त्याने तिला काही नीट विचारलं नाही. लग्नाचा प्रश्न आहे ना, मग लग्न दाखवलं पाहिजे, म्हणून त्याने कैफियतीत, म्हणजे तिच्या लेखी उत्तरात, आपल्या मनाने एक लग्न लिहून टाकलं. अमुक साली, देवळात, भटजी, होम, सप्तपदी, सगळं. तानूबाईने त्यावर अंगठा उठवला. आत काय लिहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं.

पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा जान्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला: लखमाशी तुमचं लग्न झालं होतं का? तिचा वकील डोळ्यांनी खुणा करत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लगीन नाय झाला," ती म्हणाली. "कराचा रहला."

पुढे फार काही उरलं नाही. भटजी? नाही. होम? नाही. तिच्या वकिलाचा चेहरा पडला. साहेब लिहीत होते, मी टाइप करत होते, आणि माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, बिचारीने फसवणुकीत आयुष्य काढलं. एवढंच वाटलं. मी घरी येऊन प्रमोदला हे ऐकवलंसुद्धा, च्च च्च करत.

निकाल फेब्रुवारी १९८८ मध्ये लागला. साहेबांना खोट्याचा संताप होता आणि ती कैफियत तर उघडउघड खोटी ठरली होती. त्यांनी लिहिलं की प्रतिवादी बाई स्वतः खरं बोलते आहे असं दिसतं. आणि त्याच खऱ्यावर बोट ठेवून, लग्न झालेलं नाही म्हणून ती पत्नी नाही, तिने घर आणि जमीन सोडावी, असा हुकूम दिला. सगळ्या कोर्टात एकटी खरं बोलली ती, आणि हरली तीच. मी ते पान स्वच्छ, एकही चूक न करता टाइप केलं.

एप्रिलच्या एका सोमवारी साहेब सव्वादहाला आले. नेहमी दहा पंचविसाला यायचे. वाळूला आत बोलावलं, मलाही बोलावलं. रात्रभर झोप नसल्याचं तोंडावर दिसत होतं. कालचं सांगू लागले.

दुधनीला गळ टाकून बसले होते, तर पलीकडच्या पाड्यातून वाजंत्री ऐकू आली. लग्न होतं, वाळूच्या नात्यातलं. मासे मिळत नव्हतेच, म्हणून दोघं गेले. मांडवात हळद चालली होती. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी वारली म्हातारी, गाणं म्हणत होती. नवरदेवाचे केस पांढरे होते. नवरीच्या मांडीवर तिचा नातू बसला होता. साहेबांना वाटलं, हे नवऱ्या मुलाचे आईबाप असणार. वाळू म्हणाला, नाही, हेच नवरा-नवरी. मुलाचं लग्न उद्या, ह्याच मांडवात. पंचवीस वर्षं एकत्र घर केलं, पण गावजेवण घालण्याइतका दाणागोटा कधी जमला नाही, म्हणून लग्न मागे पडलं. आता मुलाचं करायचं तर आईबापांचं आधी झालं पाहिजे.

"मी वाळूला विचारलं, मग आजपर्यंत ही त्याची कोण होती?" साहेब म्हणाले. "वाळू, काय म्हणालात तुम्ही, ते यांना सांगा."

वाळू बिचारा गोंधळून उभा होता. म्हणाला, "बायको. दुसरी कोण? लगीन कराचा रहला, बायको तर व्हतीच."

तेच शब्द. काही महिन्यांपूर्वी मीच टाइप केलेले. मी वाळूवरच चिडले. तानूबाई बोलली तेव्हा तू पिंजऱ्यापासून दोन हातांवर उभा होतास, तेव्हा का नाही तोंड उघडलंस, असं त्याला विचारलं.

"माना कोणी इचारला?" तो म्हणाला. आणि खरंच, कोणी विचारलं होतं?

साहेबांनी टेबलावरचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. लग्नाचा कायदा. पहिल्या-दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की हा कायदा आदिवासी जमातींना लागू नाही. त्यांना त्यांचा रिवाज. दोन्ही वकील होम आणि सप्तपदीवर भांडत बसले आणि सोळा वर्षं न्यायाधीश असलेल्या माणसाने ते पान उलटून पाहिलं नाही. साहेब स्वतःबद्दल हे इतक्या कोरडेपणाने बोलले की मला ऐकवेना.

अडचण अशी होती की दिलेला निकाल न्यायाधीशाला आपणहून फिरवता येत नाही. पक्षकाराने मागितलं पाहिजे. अपिलाची मुदत संपून गेली होती. तानूबाईला निरोप पाठवावा, तर ज्याने हुकूम दिला त्यानेच एका बाजूला गुपचूप सल्ला दिला असं होणार, आणि तसं करणाऱ्यातले ते नव्हते. इकडे जान्याने घराच्या ताब्यासाठी दरखास्त दिलेली होती. बेलिफ गुरुवारी जाणार होता.

मी व्यवहारी बाई आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की साहेब, जिल्हा न्यायाधीशपदाच्या यादीत तुमचं नाव आहे, ती जुलैत निघेल, तोवर गप्प राहा. तिचं नशीब असेल तर ती करील अपील. तुम्ही आत्ता काही बोललात तर यादीतून नाव उडालंच म्हणून समजा.

"बेलिफ गुरुवारी जाणार आहे, अरुणाबाई," ते म्हणाले. "जुलैत नाही."

अकरा वाजता दरखास्त पुकारली गेली. जान्या, त्याचा वकील, तानूबाई आणि तिचा तो घाईचा वकील, सगळे हजर. साहेबांनी दोन्ही बाजूंना पुढे यायला सांगितलं आणि भर कोर्टात, मोठ्याने, एकेक वाक्य तोलून बोलू लागले. काल अमुक ठिकाणी मी अमुक पाहिलं. ते पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दिलेल्या निकालात जमातीच्या रिवाजाचा आणि लागू असलेल्या कायद्याचा विचारच झालेला नाही. हे माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे मी आता या प्रकरणात न्यायाधीश राहू शकत नाही. कागद जिल्हा न्यायालयाकडे पाठवतो आहे, तोवर दरखास्त थांबेल. दोन्ही बाजूंनी कायद्याने जे करता येईल ते करावं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, हे सगळं रोजनाम्यात घ्या. रोजनामा म्हणजे कोर्टाची रोजची नोंद, एकदा लिहिली की पुसता न येणारी. मी घेतलं.

जान्याचा वकील उठून म्हणाला की असं आजवर कुठे झालेलं नाही. साहेब म्हणाले, शक्य आहे, आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

यादीतून नाव गेलंच. ऑगस्टमध्ये बढतीऐवजी बदलीचा हुकूम आला, परत महाराष्ट्रात, पण थेट त्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलातल्या तालुक्याला. शेऱ्यात 'संयमाचा अभाव' असं काहीतरी होतं म्हणे. ज्या माणसाला चार वर्षांत कधी आवाज चढवताना पाहिलं नाही, त्याला संयम नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. साहेब मात्र वेळापत्रक घेऊन बसले होते. दोन गाड्या बदलल्या की पोचतो, म्हणाले.

तानूबाईने आधी तो वकील बदलला. नव्या वकिलाने उशीर माफ करून घेतला, अपील केलं आणि प्रकरण पुन्हा ऐकण्यासाठी नव्या न्यायाधीशांकडे आलं. धवलेरीची साक्ष झाली, पाड्यातल्या तीन म्हाताऱ्यांची झाली. जान्याने म्हटलं, ही सगळी शिकवलेली माणसं आहेत. तेव्हा तानूबाईच्या वकिलाने साक्षीदारांच्या यादीत एक नाव घातलं आणि ते ऐकून मी टाइपरायटरवरून हात काढले.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बोरवणकर साहेब दोन गाड्या बदलून, स्वतःच्या रजेवर, स्वतःची बॅग उचलून आले आणि ज्या कोर्टात चार वर्षं बसले त्याच कोर्टात पिंजऱ्यात उभे राहिले. नव्या साहेबांनी खुर्ची देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. शपथ घेतली. दुधनीला काय पाहिलं, कोण काय म्हणालं, ते पाण्यासारखं स्वच्छ सांगितलं. जान्याच्या वकिलाने उलटतपासणीत चांगलंच सोलायचा प्रयत्न केला. मासे धरायला गेला होतात ना? किती मिळाले? साहेब म्हणाले, एकही नाही. कोर्ट हसलं. मग वकिलाने त्याला खरा विचारायचा होता तो प्रश्न विचारला.

"म्हणजे आपण स्वतः दिलेला निकाल चुकीचा होता, असं आपलं म्हणणं आहे?"

"हो," साहेब म्हणाले. "चुकीचा होता. तो मी दिला होता."

माझ्या समोरचं पान धूसर झालं, पण ते शब्द मी पहिल्या झटक्यात बरोबर टाइप केले.

बाहेर व्हरांड्यात तानूबाई उभी होती. साहेब नेहमीप्रमाणे नमस्कार करून रस्ता बदलणार, तोच ती आडवी आली. आता ते या प्रकरणाचे न्यायाधीश नव्हते, म्हणून थांबले. माझी चूक झाली, असं त्यांनी तिला सांगितलं. मला वाटलं, बाई आता पाया पडेल, नाहीतर रडेल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही.

ती म्हणाली, "जमीन देशील तू. माझे पोरीचा नाव कोण देल?"

मग कळलं. पहिल्या निकालाची नक्कल घेऊन जान्या वस्तीवरच्या एका खोलीच्या शाळेत गेला होता. कोर्टाचा शिक्का पाहून मास्तरची पाचावर धारण बसली आणि त्याने पटावरून लखमाचं नाव खोडून टाकलं. तेव्हापासून गुड्डी नुसती गुड्डी. पोरं तिला 'बिनबापाची' म्हणायची. हजेरीत तिचं नाव आलं की ती ओ द्यायची नाही, मास्तर तसाच पुढे जायचा. पोरगी शाळेत यायची, मागे बसायची, जायची. दीड वर्ष.

साहेबांनी शाळा कुठली ते तिला विचारून घेतलं. मग म्हणाले, "निकाल लागू द्या. मी येतो."

डिसेंबरमध्ये निकाल लागला. रिवाजाप्रमाणे तानूबाई लखमाची पत्नी, गुड्डी त्याची मुलगी, घर-जमीन त्यांची. मी साहेबांना पत्र टाकलं. जानेवारीत ते पुन्हा दोन गाड्या बदलून आले. मी आणि वाळू बरोबर गेलो. वाटेत मी त्यांना म्हटलं की हे काम टपालानेही झालं असतं, मी नक्कल मास्तरकडे पाठवली असती. ते म्हणाले, पहिला कागद पोरांच्या देखत गेला होता.

मास्तर आम्हाला पाहून हादरलाच. साहेबांनी त्याला रागावलं नाही. नक्कल दिली आणि पटावर नाव भरायची विनंती केली. मास्तरने भरलं. मग साहेबांनी मुलांशी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. तीस-पस्तीस पोरं जमिनीवर बसलेली. साहेब उभे राहिले, आणि कराडच्या बेलिफाच्या त्या मुलाने आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं.

"मी न्यायाधीश आहे. गुड्डी लखमाची मुलगी नाही असं माझ्या कागदात होतं. तो कागद चुकीचा होता. चूक माझी होती, तिची नाही, तिच्या आईचीही नाही."

वाळूने ते वारलीत सांगितलं. मग साहेब भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसले आणि मास्तरला म्हणाले, हजेरी घ्या ना.

मास्तरने पट उघडला. एकेक पोर 'हजर' म्हणत गेलं. मग त्याने घसा साफ केला.

"गुड्डी लखमा भोया."

शेवटच्या रांगेतली ती काळीसावळी, दोन वेण्यांची पोरगी आधी खाली पाहत होती. सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघत होता. ती बसल्या जागी 'हजर' म्हणू शकली असती, बाकीच्यांनी तसंच म्हटलं होतं. ती उभी राहिली, सरळ साहेबांकडे बघितलं आणि बाहेर आवारात उभ्या असलेल्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हजर."